वरची मूठ

नत्थूजी ढोबळ्यांच्या दुकानात भाव कमी करा म्हटलं की भाव वाढायचा. मी हे कोणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या खिशाने सोसलेलं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी तुरीच्या डाळीचा भाव एकशे चाळीस सांगितला. मी सवयीने म्हणालो, "एकशे तीस करा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "एकशे एक्केचाळीस."

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. मी आवाज चढवून म्हणालो, "एकशे तीस म्हणतो मी."

"ऐकलं नं बावा. आता एकशे बेचाळीस झाले. अजून बोलता काय, का बांधू?"

त्या दिवशी मी एकशे सेहेचाळीसला डाळ घेतली.

हा अपमान कोणाचा झाला ते सांगायला हवं. माझा शहरातल्या इतवारी बाजारात प्लॅस्टिकच्या सामानाचा ठोक धंदा आहे. सुरुवात सायकलवर कंगवे आणि साबणदाण्या विकण्यापासून झाली. बापाने दिलेलं काही नाही, सासऱ्याने दिलेलं त्याहून कमी. जे आहे ते जिभेवर मिळवलेलं आहे. इतवारीतले भले भले व्यापारी मी दुकानात शिरलो की आधी पाणी मागवतात, स्वतःसाठी. आणि शहरापासून दीड तासावर, डोंगरमोहा नावाच्या, कुठे फलकही नसलेल्या गावात एक सत्तरीचा माणूस बंडी घालून बसतो आणि मला सहा रुपयांनी उलटा पाडतो.

मी तिथे गेलो होतो विकायला, घ्यायला नाही. दर मंगळवारी मला बुटीबोरीला कारखान्यात जावं लागतं, बादल्यांचा माल उचलायला. परतताना आतल्या गावांमधून गाडी फिरवायची आणि किराणा दुकानांना प्लॅस्टिकच्या बरण्या खपवायच्या, हा माझा नेम. पारदर्शक, लाल झाकणाच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. त्या पट्ट्यातलं एक दुकान माझ्या बरणीवाचून राहिलेलं नाही. एक सोडून.

नत्थूजींच्या दुकानात काचेच्या बरण्या होत्या. पत्र्याची झाकणं, काचेत बुडबुडे, प्रत्येक बरणी थोडी वेगळ्या बाजूला कललेली. मी माझी बरणी त्यांच्यासमोर तीनदा जमिनीवर आपटून दाखवली. ती टणटणत ओट्याखाली गेली, समोरच्या कुत्र्याने हुंगली, मी परत आणली.

"पाहिलं? फुटली नाही."

"तेच तर," नत्थूजी म्हणाले. "काच फुटली तर मानसाले समजते का गेली. हे मेलं तरी सांगत नाही."

सहा वर्षं मी प्रयत्न केले. सहा वर्षं त्यांनी एक बरणी घेतली नाही. माझी तक्रार इथून सुरू होते आणि वाढत जाते.

पण ते दुकान एकदा पाहिलेल्या माणसाला विसरता येत नसे. कौलारू छप्पर, पुढे शेणाने सारवलेला ओटा, आत वाकून शिरावं लागे. डोळे अंधाराला सरावले की फळ्या दिसत. आणि त्या फळ्यांची मांडणी अशी की मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं इथे भूकंप झाला असावा. सुईच्या बंडलाशेजारी शाळेच्या पाट्या, पाट्यांशेजारी आयोडीनची बाटली, तिच्याशेजारी लिमलेटच्या गोळ्या. मी म्हणालो, "नत्थूजी, माल लावायची एक रीत असते. खायचं एकीकडे, लावायचं एकीकडे."

"हा शाळेचा खण होय," ते म्हणाले. "पोरगा शाळेत जाते तर त्याले पाटी लागते. वापस येते तं पँट फाटली राह्यते, सुई लागते. गुडघा फुटला राह्यते, आयडिन लागते. अन् रडून राह्यला राह्यते, त्याले गोळी. चार ठिकानी कायले फिरू मी या वयात?"

मग त्यांनी मला सगळे खण दाखवले. माहेरपणाला आलेल्या मुलींचा खण होता, त्यात बांगड्या, कुंकू, खोबरेल आणि डोकेदुखीचा मलम. मटणाच्या दिवसाचा खण, त्यात लवंग, दालचिनी आणि शेजारीच पाचक चूर्ण. बैलांचा खण, त्यात कासरे, घुंगरं आणि हळद. सर्वांत वर, हात पुरणार नाही अशा फळीवर, मयतीचा खण. पांढरं कापड, कापूर, गुलाल, सुतळी. तो एवढा वर का, असं मी विचारलं.

"स्टुलावर चढा लागते," नत्थूजी म्हणाले. "तेवढा टाइम मानूस खाली उभा राह्यते. रडाचं असन तं रडून घेते. मी मुद्दाम हळू उतरतो."

चपला ते एकेक विकत. जोडीतली एक तुटली तर दोन कशाला घ्यायच्या, असा त्यांचा हिशोब. गावातल्या बहुतेकांची उजवीच तुटे, त्यामुळे दुकानात डाव्या पायाच्या चपलांची एक माळ खिळ्याला लटकलेली होती. मी ती पाहून हसलो तर म्हणाले, "हसू नका शेठ. डावखोरा गिऱ्हाईक आला का एका दिवसात खाली होते."

आतल्या बाजूला भिंतीशी धान्याची पोती होती. डाळ, जवस, लाखोळी, तांदूळ. पोत्यांच्या मध्ये एक लाकडी पाट होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. पहिल्या दिवशी मी उन्हातून आलो होतो, म्हणून सरळ आत जाऊन त्याच्यावर बसायला वाकलो. नत्थूजी पहिल्यांदा आणि शेवटचे माझ्यावर ओरडले.

"तिथं नाही, शेठ."

मी तसाच उभा झालो. त्यांनी मला तेलाचं रिकामं पिंप सरकवून दिलं. सहा वर्षं मी त्या पिंपावर बसलो. पाटावर कोणी बसलेलं पाहिलं नाही. विचारलंही नाही. वस्तूचा भाव नसला तर मी तिच्याबद्दल विचारत नाही.

खरेदीचं म्हणाल तर ती माझ्या बायकोमुळे सुरू राहिली. ती एकशे सेहेचाळीसची डाळ मी घरी मंदासमोर आपटली आणि म्हणालो, पुन्हा त्या माणसाच्या दारात जाणार नाही. महिन्याने मंदा म्हणाली, "अहो, ती डोंगरमोह्याची डाळ आणा."

"इतवारी दारात आहे आपल्या. दहा रुपये स्वस्त."

"इतवारीची पुरत नाही. तिथली पुरते."

मला वाटलं, तिला चव आवडली आहे आणि बोलता येत नाही. बायका चवीला काहीही नाव देतात. मी आणू लागलो. आणि आणू लागलो म्हणजे दर मंगळवारी भांडू लागलो. मी कमी म्हणायचं, त्यांनी वाढवायचं. मी उठून गाडीपर्यंत जायचं, त्यांनी मागून ओरडायचं, "गाडीपर्यंत गेले, दोन रुपये वाढले." मी परत येऊन पिंपावर बसायचं. समोरच्या पिठाच्या गिरणीवरून पंचफुलाबाई, पन्नाशीची, केसांत पीठ, हात पुसत येऊन उभी राहायची. तिला ते नाटक वाटे.

"काहून भांडता भाऊ दर मंगळवारी?" ती मला विचारायची. "गिरणीचा आवाज बंद केला तरी तुमचा येते."

"तुम्ही सांगा याला, भाव कमी करतात, वाढवत नाहीत."

"मी कायले सांगू? मले तं कधी इचारतही नाही ते भावाचं."

भावात हारायची मला सवय नाही. त्यामुळे मी हारलो तरी जिंकायची दुसरी जागा शोधत राहिलो. मी नत्थूजींकडे बारीक लक्ष ठेवू लागलो.

त्यांची तोलायची पद्धत जुनी होती. छताला टांगलेला तराजू, दोन पितळी पारडी, लोखंडी किलो. तोलताना ते तोंडाने काही बोलत नसत. काटा मधे आला की पारडं उचलून डाळ कागदी पिशवीत ओतत. आणि मग, दर वेळी, न चुकता, माझ्याकडे पाठ करून मागे भिंतीपाशी जात. तिथे, पाटाच्या वर, खिळ्याला सुतळीचं बंडल टांगलेलं होतं. सुतळी बांधायला जात असतील. पण सुतळीची गाठ मारायला एवढा वेळ लागत नाही. आणि दर वेळी त्यांची पाठ थोडी वाकायची.

इतवारीत मी बरंच शिकलो आहे. वजन झाल्यावर गिऱ्हाईकाकडे पाठ करणारा दुकानदार काय करतो, हे मला शिकवायला नको. एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे. दिवसभरात पोत्यात अर्धा किलो परत येतो. मला ती गोष्ट कळली तेव्हा राग आला नाही, आनंद झाला. सहा वर्षांनी म्हातारा सापडत होता.

गेल्या वर्षी चैत्रातला मंगळवार. बुटीबोरीत कारखान्याच्या मॅनेजरने बादलीचा भाव वाढवला होता आणि मी त्याच्याशी दोन तास बोलून एक पैसा कमी करू शकलो नव्हतो. माझं डोकं तापलेलं होतं. डोंगरमोह्याला पोचलो तर दुकानात चार माणसं. पंचफुलाबाई होती, दोन शेतकरी होते कासरा घ्यायला आलेले, एक म्हातारी चहापत्तीला.

भाव झाला. म्हणजे वाढला. नत्थूजींनी डाळ तोलली, पिशवीत ओतली आणि पाठ केली. मी पिंपावरून उठलो, ओट्याच्या कडेने आत दोन पावलं गेलो आणि मान लांब केली.

त्यांचा हात पिशवीच्या तोंडाशी होता. मुठीत डाळ होती.

"नत्थूजी," मी म्हणालो, "आमच्यासमोर बांधा."

ते वळले. मूठ तशीच.

"काय म्हणलं शेठ?"

"पाठ करून काय चालतं ते मला समजतं, म्हटलं. एवढी वर्षं मी धंदा करतो. भाव तर तुम्ही वाढवताच, वरून मापातही हात घालता. दाखवा ती मूठ सगळ्यांना."

पंचफुलाबाई पुढे झाली. "अवो भाऊ, तुमाले काही मालूम..."

"राहू दे वं पंचफुला," नत्थूजी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पोत्यावर नेला आणि मूठ उघडली. डाळ पोत्यात पडली. पुढे आले, गल्ल्यावर माझ्यासमोर पिशवी ठेवली, सुतळी आणली, माझ्यासमोर गाठ मारली. त्यांना गाठ मारायला वेळ लागला. मी पैसे फेकले आणि निघालो. गाडीपर्यंत गेलो. मागून काही आवाज आला नाही.

घरी येऊन मी मंदाला सगळं रंगवून सांगितलं. चार माणसांसमोर पकडला. मूठ रंगेहाथ. सहा वर्षांत किती डाळ खाल्ली असेल आपली, विचार कर.

मंदा ऐकत होती. मग ती उठली आणि फळीवरून दोन डबे काढले. एक पत्र्याचा, किलोचा. दुसरा लहान, गोल, झाकणाचा.

"या मोठ्या डब्यात बरोबर किलोभर डाळ बसते," ती म्हणाली. "काठोकाठ. इतवारीची ओतली का बोटभर कमी राहते. डोंगरमोह्याची ओतली का वर उरते. मूठभर. दर वेळी. ते उरलेलं मी या लहान डब्यात ठेवते. हा भरला का चार दिवस त्याच्यावर निघतात. म्हणून तुम्हाला म्हणते, तिथली पुरते."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी इचारलं? तुम्ही भाव सांगत होते. मला वाटलं, एवढं भांडून वर मूठभर जास्त घेऊन येतात, मोठे हुशार."

तिने त्या दिवशीची पिशवी मोठ्या डब्यात ओतली. डाळ काठाला आली आणि थांबली. तळहात फिरवला, एक दाणा खाली पडला नाही.

तरी मी मान्य केलं नाही. सकाळी गोदामात गेलो. ट्रान्सपोर्टला माल देण्याआधी तोलायचा आमचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो खोटं बोलत नाही. डाळ पुन्हा पिशवीत भरून ठेवली. एक किलो. मागच्या मंगळवारची जवसाची पिशवी घरात तशीच पडली होती, सुतळीही सोडलेली नव्हती. ती ठेवली. एक किलो, नव्वद ग्रॅम. उतरवली, पुन्हा ठेवली. नव्वद.

म्हणजे ती मूठ पिशवीतून निघत नव्हती, पिशवीत जात होती.

सहा वर्षं मी भावाकडे पाहत होतो. मापाकडे एकदाही पाहिलं नाही. स्वतःच्या गोदामात आलेली प्रत्येक गोण मी तोलून घेतो. घरात जाणारी डाळ मी कधी तोलली नाही, कारण मला खात्री होती की मी हारलो आहे.

आता माणसाने काय करावं? दुसऱ्या दिवशी गाडी काढावी, जावं, हात जोडावेत. एवढं सोपं आहे. मी गेलो नाही. तीन मंगळवार बुटीबोरीहून सरळ रस्त्याने परत आलो. चौथ्या मंगळवारी फाट्यावर गाडी थांबवली आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली. समोरच्याला खाली आणायची कला मी जन्मभर केली. आपण खाली उतरायचं असतं तेव्हा कुठून सुरुवात करतात हे मला येत नव्हतं. पाऊस आला, गेला. मंदाने इतवारीची डाळ आणली. दिवाळीच्या आधी मात्र म्हणाली, "तुम्ही जात नसाल तर मी बसने जाते. माफी मी मागते तुमच्या वाटची."

त्या मंगळवारी मी गेलो.

गाडी उभी केली तर पंचफुलाबाई गिरणीच्या दारात उभी. तिने मला हाताने थांबवलं.

"आले तं," ती म्हणाली. "आमाले वाटलं, मेले का काय."

"पंचफुलाबाई, त्या दिवशी मी..."

"ते असू द्या. मी सांगतो ते ऐका. त्या दिवशी त्यायनं मले बोलू नाही देल्लं." ती पदराने कपाळावरचं पीठ पुसत होती. "ते मूठ त्यायची नोहे. सुभद्राबाईची होय. त्यायच्या बायकोची. ते बाई त्या पाटावर बसे, पोत्याजवळ. हे तोलत, पिशवी मांगं देत, अन् ते एक मूठ वरून टाके. अख्ख्या गावाले. हे दिवसभर तिच्यावर कावत. दुकान बुडवशीन म्हनत तू माहं. तं ते म्हने, माप तुमचं, मूठ माही. तीस वर्षं हेच भांडन. आमी पाह्याले येवो."

"मग?"

"मग काय. गेली ते. आठ वर्षं होऊन राह्यले. तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पह्यली गिऱ्हाईक मीच होती. तांदूळ तोलले, अन् पिशवी मांगं देल्ली. सवयीनं. मांगं घेनारं कोणी नाही. तसेच उभे राह्यले. मग आपला हात पोत्यात घातला अन् मूठ टाकली. तवापासून."

सहा वर्षं मला वाटत होतं की तो माणूस माझ्याकडे पाठ करतो. तो तिच्याकडे तोंड करत होता.

"अन् भाव?" मी विचारलं. "भाव का वाढवत होते माझा?"

पंचफुलाबाईला हसू आलं. "फाट्यावर ते मोठं दुकान निघालं नं, थंड हवेचं. गाव तिकडंच जाते. इथं कोन येते? पोरगा हैदराबादले. भाव वाढवला म्हंजे तुमी बसत होते नं भाऊ. कमी केला असता तं घेऊन गेले असते."

मी दुकानात शिरलो.

छताचा तराजू नव्हता. गल्ल्यावर इलेक्ट्रॉनिक काटा होता, नवा कोरा, लाल आकडे गिऱ्हाईकाच्या बाजूला. सुतळीचं बंडलही पुढे आलं होतं, काट्याशेजारी. पाट होता तिथेच होता. खण तसेच होते. डाव्या चपलांची माळ थोडी वाढली होती.

"या शेठ," नत्थूजी म्हणाले. जसं काल गेलो आणि आज आलो. "बरण्या हायेत काय गाडीत?"

"का?"

"दोन डझन ठेवून द्या. काच धुवून धुवून हात दुखते."

वाचकहो, या वाक्यासाठी मी सहा वर्षं बरणी आपटली होती. गाडीत तीन डझन होत्या. मी म्हणालो, "संपल्या."

ते दारातून गाडीकडे पाहत होते. "मांगच्या काचेतून दिसून राह्यल्या."

"त्या दुसऱ्याच्या आहेत. आणि ही बरणी तुमच्या कामाची नाही. मेली तरी सांगत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी पिंपावर बसलो. काय बोलायचं ते गाडीत घोकून आलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी मी म्हणालो, "नत्थूजी, त्या दिवसाच्या आधीचं जवस एक किलो नव्वद ग्रॅम भरलं."

ते पोत्याकडे पाहत होते. म्हणाले, "काटा बिघडला असन तुमचा."

"काटा नवा आहे."

"नवे लवकर बिघडते."

एवढीच माझी माफी. त्यांनी घेतली की परत केली, मला समजलं नाही. मग मला जे येतं ते मी केलं. "डाळ काय भाव?"

"एकशे पन्नास."

"लई होतात. एकशे चाळीस करा."

मी वाट पाहत होतो. एकशे एक्कावन्न म्हणा, एकशे साठ म्हणा, मी गाडीपर्यंत जाईन, परत येईन, संध्याकाळपर्यंत बसेन.

"चाळीस द्या," नत्थूजी म्हणाले.

आयुष्यात इतका भाव कोणी मला इतक्या लवकर उतरवून दिला नव्हता आणि कोणताही भाव इतका महाग पडला नव्हता.

त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली. डाळ टाकत गेले, लाल आकडे चढत गेले. एक किलोवर थांबले. मग त्यांचा हात आपोआप मागे गेला. पोत्यात शिरला, मूठ भरून वर आला, पिशवीच्या तोंडापर्यंत आला. तिथे थांबला. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हात मागे गेला आणि डाळ पोत्यात पडली.

"टाका ना, नत्थूजी."

"नाही शेठ. तुमच्यासमोरच बांधतो आता. जेवढं दिसते तेवढं."

तेव्हा मी पिंपावरून उठलो. धंद्यात पडल्यापासून काट्याकडे पाठ करून मी कधी उभा राहिलेलो नाही. मी वळलो, दारात जाऊन रस्त्याकडे तोंड केलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो. रस्त्यावर काही नव्हतं. गिरणीच्या दारात पंचफुलाबाई, तिच्या पायाशी कुत्रं. मी दोघांकडे पाहत राहिलो. मागे बराच वेळ काही वाजलं नाही.

"शेठ," नत्थूजींचा आवाज आला, "तिकडं काय पाहून राह्यले?"

"काही नाही. रस्ता."

"रस्त्याचा भाव इचारू नका. वाढन."

मी वळलो नाही. सुतळीचा आवाज आला, मग गाठीचा. पिशवी माझ्या हातात आली. हाताला वजन कळतं, पण मी हाताला विचारलं नाही. एकशे चाळीस रुपये ठेवले आणि निघालो.

घरी मंदाने किलोचा डबा काढला. मी शेजारी उभा होतो. डाळ काठाला आली आणि थांबली. तिने तळहात फिरवला. काही उरलं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी जातो. मी कमी म्हणतो, ते देतात. मग मी उठून दारात जातो आणि पाठ करून उभा राहतो, आकडे थांबेपर्यंत, गाठ बसेपर्यंत, आणि त्याच्यावरही थोडा वेळ. पंचफुलाबाई आता समोरून हसत नाही, गिरणी बंद करून आत जाते. काल डाळ घेऊन आलो. मंदाने डब्यात ओतली, तळहात फिरवला, मग लहान डबा उघडून आत पाहिलं. तो रिकामाच होता. तिने झाकण न लावता तो परत फळीवर ठेवला.